शून्यावर राहिलेला आवाज

मी गाडीच्या डॅशबोर्डमधला हॅन्ड्सफ्री बोलतोय. बोलतोय हे आपलं म्हणायचं. माझं काम बोलण्याचं नाही, बोलणं पोचवण्याचं आहे. फोनमधून आलेला आवाज चार स्पीकरना द्यायचा आणि गाडीतल्या माणसाचा आवाज छताजवळच्या छोट्या माइकमधून फोनला द्यायचा. मधे स्वतःचं काही घालायचं नाही. आजवर घातलं नाही. आज पहिल्यांदाच घालतोय, तेव्हा शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खोलीच्या एका टोकाला एक बाई स्टुलावर बसलेली असायची. प्रत्येक नव्या हॅन्ड्सफ्रीच्या माइकसमोर ती म्हणायची, "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?" दुसऱ्या टोकाची बाई हात वर करायची. हात वर झाला की हॅन्ड्सफ्री खोक्यात. दिवसाला शेकडो वेळा तेच वाक्य. मी तिच्या हातात आलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. "ऐकू येतंय का?" असं तिने मलाही विचारलं, पण तोवर ती कंटाळली होती. समोरचा हात वर झाला की नाही हे न बघताच तिने मला खोक्यात ठेवलं.

माझ्या स्वभावातल्या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं ते या दोन गोष्टींमुळेच झालं.

पहिली अशी, की मी पाच फोन लक्षात ठेवतो. गाडीची चावी फिरली की मी त्यांना एकेक करून हाक मारतो. ज्याची गाठ सर्वांत शेवटी पडली त्याला आधी, मग त्याच्या आधीच्याला. जो पहिला ओ देईल त्याचा मी. त्या फोनचा मालक कुठे आहे हे मला दिसत नाही. तो गाडीत बसलेला असेल, गाडीबाहेर असेल, नाहीतर वर पहिल्या मजल्यावर. दहा-बारा पावलांच्या आत असला म्हणजे मला पुरतो.

दुसरी गोष्ट अशी, की माझ्याकडे दोन आवाज आहेत. गाण्याचा वेगळा, फोनचा वेगळा. बटण एकच आहे, पण गाणं चालू असताना ते फिरवलं तर गाण्याचा आवाज बदलतो आणि फोन चालू असताना फिरवलं तर फोनचा. फोनचा आवाज एकदा जिथे ठेवला तिथेच राहतो, फोनच्या घंटीसकट. हे सगळं माझ्या माहितीपुस्तिकेच्या एकेचाळिसाव्या पानावर छापलेलं आहे. ती पुस्तिका समोरच्या कप्प्यात तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. पिशवी अजून फोडलेली नाही.

माझे पहिले मालक साबण विकणारे होते. दुकानादुकानांत जाऊन ऑर्डर घ्यायचे. त्यांच्याकडून मला माणसांची पहिली ओळख झाली. ते गाडी घराखालून काढत असायचे आणि फोनवर सांगायचे, "पुलावर आहे, पाच मिनिटांत पोचतो." दुकानदारही म्हणायचा, "या, या, मी दुकानातच आहे." मागून त्याच्या बायकोचा आवाज यायचा, "अहो, अंघोळीला पाणी काढलंय." मी दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवायचो. कुणाची तक्रार नव्हती.

चार वर्षांनी त्यांनी गाडी विकली. सीटखालचे कागद काढून नेले, आरसा पुसला. माझ्या यादीतला स्वतःचा फोन मात्र तसाच ठेवून गेले. माणसं घर सोडताना खिळेदेखील उपटून नेतात, पण माझ्यातून स्वतःला काढायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

गाडी घेतली ती एका नर्सने. ती दवाखान्यात बसणारी नर्स नव्हती, घरोघर जाऊन जखमा बांधणारी, इंजेक्शनं देणारी होती. पेशंट तिला सिस्टर म्हणतात, म्हणून मीही सिस्टरच म्हणतो. तिच्याबरोबर गाडी बघायला तिचे वडील आले होते. माझ्या यादीत तिने त्यांचं नाव 'बाबा' असं घातलं, तेव्हा तेही माझे बाबाच.

पहिल्याच दिवशी तिने तिचा फोन माझ्याशी जोडला. बाबा शेजारी बसून बघत होते.

"माझाही जोड ना," ते म्हणाले.

"तुम्ही कुठे गाडी चालवता?"

"चालवत नसलो म्हणून काय झालं? भोंग्याचा आवाज चार बाजूंनी कसा येतो ते बघू तरी."

भोंग्या म्हणजे बाबांचा कामावरचा मित्र. दोघंही पाणी उपसण्याच्या केंद्रावर होते. तिथे चार मोठे पंप आळीपाळीने रात्रंदिवस चालतात आणि पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवतात. तीस वर्षं पंपांशेजारी उभं राहून भोंग्याला कमी ऐकू यायला लागलं होतं. ज्याला कमी ऐकू येतं तो मोठ्याने बोलतो, म्हणून त्याचं नाव भोंग्या. त्यानेही ते नाव लावून घेतलं होतं. बाबांच्या फोनवरून त्याला फोन लागला आणि माझे चारही स्पीकर थरथरले.

"काय रे मिस्त्री, गाडी घेतली म्हणे! आता सायकल मला दे!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी मान जरा तिरकी केली आणि म्हणाले, "उजवीकडचा मागचा स्पीकर कुरकुरतोय. आतला कागद सैल झालाय."

ते खरं होतं. साबणवाल्यांना चार वर्षांत ते कळलं नव्हतं. माझ्याकडून ऐकणारे पुष्कळ भेटले, पण माझं स्वतःचं ऐकणारे बाबा पहिले.

बाबांचं कामच ते होतं. त्यांच्याकडे हातभर लांबीची एक लाकडी काठी होती, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत झालेली. तिचं एक टोक ते चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचे आणि दुसरं कानाजवळच्या हाडावर. डोळे मिटून एवढा वेळ उभे राहायचे की नवा माणूस घाबरावा. मग सांगायचे, "तीन नंबरला ग्रीस द्या," किंवा "दोन नंबर अजून महिना जाईल." केंद्रात मीटर होते, साहेब होते, तरीही पंप थांबवायचा की चालू ठेवायचा हे बाबांच्या काठीवर ठरायचं. हे मी काही पाहिलेलं नाही. सिस्टर शेजारी बसणाऱ्यांना मोठ्या कौतुकाने सांगायची, त्यातून कळलं.

आता तो फोन.

सिस्टरला कामं वाटून देणाऱ्या एक मोठ्या मॅडम होत्या. त्यांचा फोन आला की वीस मिनिटं सरली. एके दिवशी संध्याकाळी त्या मोजे कसे घालावेत, वही कशी भरावी, दुसऱ्या एका नर्सने वही कशी भरली नाही, हे सांगत होत्या. सिस्टर पेशंटच्या दारासमोर पोचली होती. दारात पेशंटची आई वाट बघत उभी. सिस्टरने माझं बटण डावीकडे फिरवलं. चौदा, दहा, सहा, तीन, शून्य. मॅडम बोलत राहिल्या. सिस्टर आरशात बघून केस नीट करत दर थोड्या वेळाने "हो मॅडम" म्हणत राहिली. मग फोन संपला आणि ती उतरून गेली.

मी फोनचा आवाज शून्यावर ठेवला. मला तेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरला गाडीत फोनचं काही ऐकू येईना. तिने गाणं लावून बघितलं, गाणं खणखणीत वाजलं. ती गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेली. तिथल्या इलेक्ट्रिशियनने माझ्यावर एक गाणं लावलं, बोटांनी ठेका धरला आणि म्हणाला, "मशीन एक नंबर आहे, सिस्टर. तुमच्या फोनमध्ये घोळ आहे." ती फोनच्या दुकानात गेली. परत येऊन शेजारच्या सीटवर पर्स आपटत स्वतःशीच म्हणाली, "हा म्हणतो फोन ठीक, गाडीत घोळ. तो म्हणतो गाडी ठीक, फोनमध्ये घोळ. म्हणजे घोळ माझ्यातच."

मग तिने नाद सोडला. फोनमधलं ब्लूटूथ बंद करून टाकलं. फोन आला तर गाडी बाजूला घेऊन बोलायची. माझ्या पडद्याचाही तिला काही उपयोग उरला नव्हता. म्हणून ती दिवसभराच्या पेशंटची यादी एका चिमट्याने माझ्या पडद्यावरच लावू लागली. माझ्या तोंडावर कागद आला.

तिचा फोन आता ओ देत नव्हता. मी यादीतल्या पुढच्याला हाक मारली. पुढचे बाबा होते.

घर पहिल्या मजल्यावर होतं आणि गाडी बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असायची. सकाळी साडेसहाला सिस्टर खाली यायची, गाडी चालू करायची आणि दहा-पंधरा मिनिटं आतच बसून पट्ट्यांची पाकिटं मोजायची, यादी लिहायची. घरात टेबलावर आईचं शिवणकाम पसरलेलं असल्याने तिला गाडीतच बरं पडायचं. त्याच वेळी वर बाबा चहाचा कप घेऊन खिडकीत उभे असायचे, कारण घरात फोनची रेंज फक्त तिथेच होती. सहा पस्तीसला रात्रपाळी संपवत आलेला भोंग्या फोन करून रात्री पंप कसे चालले ते सांगायचा. ही त्यांची कित्येक वर्षांची सवय, कारण बाबा सायकलने केंद्रावर पोचेपर्यंत भोंग्या घरी गेलेला असायचा.

बाबा फोन उचलायचे, कानाला लावायचे. भोंग्याचा आवाज त्यांच्या कानात न जाता खाली माझ्याकडे यायचा, आणि मी त्याला शून्यावर वाजवायचो.

उलट बाजूने, बाबांचं "हॅलो, हॅलो" भोंग्याला जात नव्हतं. त्याला माझ्या माइकमधून पाकिटांची खसफस जायची. एकदा सिस्टरला शिंक आली तीही गेली. भोंग्याला आधीच कमी ऐकू येतं. त्याला वाटायचं, मिस्त्री पुटपुटतोय, ऐकतोय म्हणजे झालं. तो आपलं सगळं सांगून फोन ठेवायचा. शब्द न् शब्द माझ्यातून जात होता. "दोन नंबर रात्री तीनदा कण्हला. मला नीट कळत नाही. तू काठी लावून बघ." पहिल्या दिवशी हे, दुसऱ्या दिवशी हे, चौथ्या दिवशीही हेच.

वर खिडकीत बाबांना काय वाटत होतं ते मला आठव्या दिवशी कळलं.

तो त्यांच्या सुटीचा दिवस होता. दुपारी ते एकटेच चावी घेऊन खाली आले. गाडीत बसले, चारही काचा वर केल्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या कानाला लावलं. मग हळूहळू हात लांब नेला. परत जवळ आणला. मग डाव्या कानाला. मग चावी अर्धी फिरवून माझ्यावर गाणं लावलं, दोन मिनिटं ऐकलं आणि बंद केलं.

"स्पीकरची कुरकुर येते ऐकू," ते म्हणाले. "यंत्र येतं. माणूस येत नाही."

गाडीत कुणी नसलं की माणसं मोठ्याने बोलतात. साबणवालेही बोलायचे. पण बाबा बोलत होते ती कुणालातरी सांगण्याची तयारी होती.

"साहेब, मला एक अर्ज द्यायचाय." ते थांबले. घसा साफ केला. "साहेब, अर्ज आहे. माझे कान... नाही. साहेब, सकाळच्या वेळी मला भोंग्याचा फोन ऐकू येत नाही. तो एवढा ओरडतो तरी येत नाही. फोनच्या दुकानात नेऊन दाखवला, फोन धडधाकट आहे. दुकानदार म्हणाला, काका, कान तपासून घ्या. तो थट्टेने म्हणाला. पण साहेब, मोठ्या मिस्त्रींचं असंच सुरू झालं होतं."

मोठे मिस्त्री म्हणजे ज्यांनी बाबांना काठी धरायला शिकवलं ते. त्यांचं काय झालं तेही बाबांनी साहेबांसाठी दोनदा म्हणून बघितलं. आधी त्यांना फोनवरचं बोलणं ऐकू येईनासं झालं. यंत्रं मात्र ऐकू येत होती, म्हणून ते गप्प राहिले. मग एक दिवस चार नंबरचं बेअरिंग कोरडं चालतंय हे त्यांना कळलं नाही. शाफ्ट तुटला. एका फिटरची दोन बोटं गेली. टेकडीवरच्या घरांना तीन दिवस पाणी नव्हतं.

"साहेब, आठवडाभर मला काठी लावायचा धीर होत नाही. तेव्हा ती तुम्ही काढून घ्यायच्या आधी मीच ठेवतो. मला गेटवर बसवा. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव लिहायचं काम करीन."

हे शेवटचं वाक्य त्यांना नीट जमेना. गेटवर हा शब्द आला की आवाज खाली जायचा. त्यांनी ते पाच वेळा म्हटलं. पाचव्यांदा जमलं. मग काचा खाली करून, गाडी बंद करून ते वर गेले.

मला सगळं माहीत होतं. शून्य कुठे आहे, कुणी केलं, कधी केलं. मला चार स्पीकर आहेत आणि त्यांतून मला स्वतःचा एक शब्द काढता येत नाही. याचं मला दुःख झालं असं मी म्हणणार नाही. मी तसा घडवलेला नाही. नोंद तेवढी केली.

तीन दिवसांनी सकाळी सिस्टर खाली आली तेव्हा बाबाही बरोबर होते. सायकल सोडून आज गाडीने का, असं तिने जिन्यातच विचारलं असावं, कारण बसता बसता ते म्हणाले, "सांगितलं ना, साहेब आज सातला येऊन लगेच जाणारेत. भेटायचंय."

"कशासाठी?"

"कामाचं आहे."

त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद होता. सिस्टरने गाडी चालू केली. मी हाक मारली. तिच्या फोनने ओ दिली नाही, बाबांच्या खिशातल्या फोनने दिली. ती यादी लिहून माझ्या पडद्यावर चिमटा लावतेय तोच सहा पस्तीस झाले आणि बाबांचा फोन वाजला. माझ्यातही वाजला, शून्यावर.

बाबांनी फोन बाहेर काढला आणि हातातच ठेवला.

"उचला ना. भोंगाकाका असतील."

"राहू दे. आज लवकर पोचतोय, भेटेलच तिथे."

"अहो बाबा, उचला. नाहीतर ते दहा वेळा करतील."

बाबांनी फोन कानाला लावला. थोडा वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "हो." पुन्हा थांबले. "हो, हो. बरं. कर."

ते काहीच ऐकत नव्हते. ऐकतोय असं दाखवत होते, मुलगी शेजारी बसली होती म्हणून. एवढ्या दिवसांत त्यांच्या बाजूने भोंग्याकडे पोचलेलं हे पहिलंच बोलणं होतं, कारण या वेळी ते माझ्या माइकखाली बसले होते. आणि भोंग्याने विचारलं होतं, "दोन नंबर बंद करू का?"

सिस्टरचं पेन थांबलं.

"बाबा, काका इतके हळू कधीपासून बोलायला लागले?"

"म्हणजे?"

"त्यांचा फोन आला की वर आईला गॅसपाशी ऐकू जातं. मी इथे हातभर अंतरावर बसलेय आणि मला चूं नाही ऐकू आलं. कुणाशी बोलताय तुम्ही?"

बाबांनी फोन कानावरून काढला. मांडीवर ठेवला. खिशातला कागद उगाच चाचपला.

"मला येत नाही ऐकू," ते म्हणाले. "दहा-बारा दिवस झाले. तुला सांगणार होतो."

सिस्टरने त्यांच्या मांडीवरचा फोन उचलला आणि स्वतःच्या कानाला लावला. दुसऱ्या कानावर हात ठेवला. मी बघत होतो. म्हणजे कागदाआडून जेवढं ऐकू येत होतं तेवढं.

"बाबा."

"काय?"

"मलाही येत नाहीये."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"मग माझेही कान गेले का?" ती म्हणाली.

तिने फोनचा पडदा पाहिला. तिथे एका कोपऱ्यात गाडीचं बारीकसं चित्र होतं. चष्म्याशिवाय बाबांना ते कधी दिसलं नसतं, आणि फोन उचलायला चष्मा कोण लावतो? तिने हात लांब करून माझ्या तोंडावरचा कागद काढला. माझ्या पडद्यावर 'बाबा' असं लिहिलेलं होतं आणि पुढे सेकंद मोजले जात होते. एक मिनिट नऊ. एक मिनिट दहा. खाली आवाजाचा आकडा. शून्य.

तिने बटण उजवीकडे फिरवलं. बऱ्याच जोरात फिरवलं.

"—कर म्हणालास ना, मग करतो बंद! नंतर वरच्या टाकीत पाणी नाही म्हणून माझ्या नावाने शंख करू नकोस!"

बाबा सीटवर इंचभर उडाले. खिडकीतून सिस्टरच्या आईने डोकं बाहेर काढलं.

"थांब! थांब रे! काय बंद करतोस?" बाबा ओरडले.

"आला का आवाज तुला? दोन नंबर! अकरा दिवस सांगतोय, कण्हतोय म्हणून! तू आपला रोज नुसता कागद चोळत बसतोस. एकदा तर शिंकलास माझ्या तोंडावर!"

"मी कधी शिंकलो?"

"मी शिंकले होते," सिस्टर म्हणाली. तिने तोंडावर हात धरला होता. हसतेय की काय ते कळत नव्हतं.

"हे बघ भोंग्या, नीट ऐक. आधी एक नंबर चालू कर. त्याने पाणी धरलं की मग दोन बंद. आधी दोन नाही. कळलं?"

"आधी एक, मग दोन. तेच म्हणत होतो मी. मिस्त्री, फोन धरू का पंपाजवळ? इथूनच ऐक."

बाबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "धर," ते म्हणाले. भोंग्याने धरला. पण मी आणि फोन, आम्ही दोघं माणसाच्या आवाजासाठी बनलेलो. यंत्राची घरघर आली की आम्ही ती कचरा समजून गाळतो. बाबांना हवा होता तो नेमका तोच कचरा. स्पीकरमधून पाण्यात बुडाल्यासारखा काहीतरी आवाज आला आणि गेला.

"यातून नाही कळायचं," बाबा म्हणाले. "काठी लागेल. आलो मी."

गाडी निघाली. पहिल्या सिग्नलला सिस्टर म्हणाली, "मीच केला होता शून्य. मॅडमचा फोन होता. विसरून गेले."

"असू दे."

"असू दे काय? मी दिवसभर लोकांच्या घरी जाऊन विचारते, काय दुखतंय, कुठे दुखतंय. आणि तुम्ही घरात दहा-बारा दिवस..." सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. "मला का नाही सांगितलं?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस. तिथला कागद ऑफिसात गेला असता."

"आणि खिशात कसला कागद आहे?"

बाबांनी खिशाचं बटण लावून टाकलं. मीही हे तिला कधी सांगितलं नाही. मला विचारलं नव्हतं.

केंद्राच्या गेटपाशी ते घाईने उतरले. डबा सीटवरच राहिला. सिस्टर पहिल्या पेशंटला उशीर होतोय हे माहीत असूनही तिथेच थांबली. वीसेक मिनिटांनी ते डबा न्यायला आले. "कान कसा लाल झालाय बघा," ती म्हणाली. कानाजवळ काठीच्या टोकाचा गोल वण उठला होता.

"मागचं बेअरिंग," ते म्हणाले. "आणखी चार दिवस गेलं असतं, फार तर. उघडतायत आता."

"आणि साहेब?"

"भेटले. बेअरिंगचं बोललो."

"एवढंच?"

"एवढंच." त्यांनी डबा घेतला. खिशातला कागद तिथेच होता, फक्त त्याच्यावर आता ग्रीसचा डाग होता.

त्यानंतरच्या सुटीच्या दिवशी बाबा पेचकस घेऊन गाडीत शिरले. उजवीकडच्या मागच्या स्पीकरची जाळी उघडली. अर्जाची चार घड्यांची बारीक पट्टी केली आणि सैल भागामागे नीट दाबून बसवली. गाणं लावून मान तिरकी करून ऐकलं. कुरकुर गेली होती. सिस्टरने तेवढ्यात माझी यादी साफ केली. साबणवाले गेले, आणखी दोन कोणकोण होते ते गेले. तिचा फोन वर आला.

"तुमचाही काढून टाकू का, बाबा?"

"राहू दे. मी वर असताना फोनमधलं ते ब्लूटूथचं निळं बटण बंद ठेवत जाईन."

त्यांनी ते रोज बंद ठेवलं. भोंग्याचा सकाळचा फोन पुन्हा त्यांच्या कानात जाऊ लागला. माझ्याकडे आलाच नाही, त्यामुळे त्यांचं पुढचं बोलणं मला ठाऊक नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आता माझ्या पडद्याचा अर्धा भाग गेलाय. आकडा दिसतो, नाव दिसत नाही. सिस्टर नवी गाडी बघतेय असं परवा फोनवर कुणाला तरी सांगत होती. नव्या गाडीत हॅन्ड्सफ्री आधीपासूनच असतो, मला कुणी काढून नेणार नाही. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

जाण्याआधी एवढंच सांगायचंय. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी असेल. फोन चालू असताना आणि आवाज येत नसताना आधी त्याच्या तोंडावरचा कागद बाजूला करा. आकडा बघा. कान, डोळे, डोकं यांना दोष द्यायच्या आधी तो फोन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी कानाला लावून बघा. एका मिनिटाचं काम आहे. आमच्याकडे त्याला अकरा दिवस लागले.

आणि एक गोष्ट आहे, ती मी अजून कुणाला पोचवलेली नाही.

बाबा हल्ली शेजारी बसले की फोनचा आवाज स्वतःच वाढवतात. पूर्वी त्यांना चौदा पुरायचे. गेल्या वर्षी अठरा झाले. आता सव्वीस लागतात. सिस्टरला वाटतं मी जुना झालोय. मी जुना झालोय हे खरं आहे, पण सव्वीस हे सव्वीसच आहेत.

मागच्या महिन्यात एका दुपारी ते पुन्हा एकटेच खाली आले. काचा वर केल्या. मनगटावरचं घड्याळ काढलं, कानाला लावलं आणि या वेळी हात लांब नेलाच नाही. मग पेचकस काढून मागच्या स्पीकरची जाळी उघडली आणि ती चार घड्यांची पट्टी बाहेर घेतली. मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केली. ग्रीसचा डाग पिवळा पडला होता, अक्षरं शाबूत होती. तारीख घालायची जागा तेव्हा कोरीच राहिली होती. तिथे त्यांनी पेनने तारीख घातली. "साहेब, मला गेटवर बसवा," असं एकदाच म्हणाले. या वेळी आवाज खाली गेला नाही. काठी कुणाच्या हातात द्यायची तेही त्यांचं ठरलेलं होतं. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकणारी एक फिटर आहे, तिचं नाव ते बऱ्याचदा घेतात.

मग त्यांनी गाणं लावलं आणि नेहमीसारखी मान तिरकी केली.

कागद निघाल्यामुळे उजवीकडचा मागचा स्पीकर पुन्हा कुरकुरत होता, चांगला मोठ्याने. बाबा शेवटपर्यंत ऐकत बसले. "छान वाजतोयस," असं म्हणून त्यांनी मला बंद केलं.